एका बाजूचा घसा

मावशीच्या उजव्या अंगठ्याला नख जवळजवळ नव्हतंच. रोज सकाळी भाकरीच्या पिठाला हात लावण्याआधी ती ते दारातल्या दगडावर घासायची, पार मांसाला टेकेपर्यंत. मग चुलीतली राख, मग कढत पाणी, मग पुन्हा राख. डाव्या हाताची नखं वाढलेली, काळवंडलेली असली तरी तिला त्याचं काही वाटत नसे. उजव्याबद्दल मात्र ती म्हणायची, "ह्यो आंगठा माजा न्हाई. ह्यो गावाचा हाय." त्या काळात शिरूरमध्ये वाढलेल्या निम्म्याअधिक पोरांच्या घशात तो अंगठा जाऊन आलेला होता. माझ्या घशात तो किती वेळा गेला याची मोजदाद नाही.

तिला सगळे घसेमावशी म्हणत. पडजीभ लोंबली, घशाच्या गाठी सुजल्या, पोर भाकरी गिळेना, की आया त्याला कडेवर मारून तिच्या दारात हजर. मावशी पोराचं डोकं मांडीत घ्यायची, अंगठा तुरटीच्या पुडीत बुडवायची आणि "आ कर, तुज्या मामाचा बैल आत गेलाय" असं काहीतरी बोलून पोराला हसवायची. पोर हसायला तोंड उघडायचं आणि तेवढ्यात दोन्हीकडच्या गाठी चेपून ती मोकळी. पोर बोंब ठोकायचं, ओकारी काढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिळी भाकरी मागायचं. आज मी माझ्या नातवाच्या तोंडात कुणाचा असा अंगठा जाऊ देणार नाही, हे कबूल करतो. पण ती घेत काही नसे. पोर बरं झालं की त्यानं स्वतःच्या पायानं येऊन तिच्यासमोर कोरडी भाकरी खाऊन दाखवायची, एवढीच तिची अट.

ती धनगराची. लग्न होऊन आली तेव्हा सासरचं बिऱ्हाड घोड्यावर होतं. पुढे नवऱ्याने घोडनदीच्या काठी थोडी जमीन धरली आणि मेंढरं कमी केली. घसा बघायची विद्या तिने माणसांवर नाही, मेंढरांवर शिकलेली. "मेंढरू बोलतंय व्हय, मला हितं दुकतंय म्हनून? त्येच्या जबड्याखाली हात घालायचा आन् वळकायचं." माणसाच्याही जबड्याखाली तिचा हात असाच जायचा, आणि समोरचा तिला आपलं दुखणं सांगू लागला की ती म्हणायची, "तू गप. हाताला कळू दे."

तिचा एक नियम होता. दोन्हीकडे सूज असली तर ते काम तिचं. एकीकडेच असली, आणि तीही मोठ्या माणसाच्या, तर ती अंगठा काढून घ्यायची आणि तडक डॉक्टरकडे जायला सांगायची. बाजारपेठेतल्या एका वाण्याचा घसा तिने असाच बघितला होता. मी तेव्हा हायस्कुलात होतो आणि बाबांचा निरोप घेऊन तिच्याकडे गेलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. तिने अंगठा काढला, धुतला आणि विचारलं, "शेटजी, ह्याच अंगाचा कान ठनकतो का?" वाणी म्हणाला, ठणकतो, पण कानात काही निघत नाही. मग तिने त्याला भाकरीचा कोरडा तुकडा दिला. तो गिळताना वाण्याने मान एका बाजूला कलती केली. "थुकीत रगताची तार येती?" कधीमधी येते, म्हणाला. तिने त्याच्या जबड्याखालची गाठ दाबली आणि दुखते का विचारलं. ती दुखत नाही म्हणून वाणी खूश होता. मावशी म्हणाली, "दुकती तिला भ्यायचं न्हाई. ही न दुकनारी लई वंगाळ. पुन्याला जावा. उद्या न्हाई, आज."

वाणी चिडला. म्हातारी आपल्याला मारायला निघाली म्हणाला, आणि दुकानात जाऊन गल्ल्यावर बसला. मावशी त्याच्या मागोमाग गेली आणि दुकानाच्या पायरीवर फतकल मारून बसली. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "ह्येला गळ्यात आजार हाय आन् ह्यो दवाखान्यात जाईना." दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळच्या आत वाणिणीने नवऱ्याची वळकटी बांधली आणि त्याला पुण्याच्या गाडीत बसवलं. कापाकापी झाली, विजेचा शेक झाला, आणि तो वाणी पुढे वीस वर्षं त्याच गल्ल्यावर बसला. मावशीशी मात्र तो आयुष्यात नीट बोलला नाही. गावभर शोभा केली म्हणायचा. मावशीला त्याची मुळीच खंत नव्हती. माणसाची लाज आणि माणसाचा जीव यांत तिने कधी घोळ घातला नाही, असं मी तेव्हा तरी समजत होतो.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या ख्रिस्ती देवळात गाणी तेच सांगायचे. पेटी वाजवत त्यांनी आवाज लावला की रस्त्यावरची बैलगाडी थांबायची, ही थाप नाही. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही दोघंच, आणि माझा घसा बारमाही धरलेला. त्यामुळे मावशी आमच्या घरची झाली. बाबा तिच्या खंडोबावर बोलायचे, ती बाबांच्या देवावर बोलायची. "मास्तर, तुमच्या देवाला येकबी मेंढरू न्हाई आन् म्हनं मेंढपाळ!" यावर बाबा मनापासून हसायचे. ते मागच्या पेरूच्या झाडाखाली चोरून विडी ओढतात हे पाळकसाहेबांना माहीत नव्हतं, मला माहीत आहे हे बाबांना माहीत नव्हतं, आणि मावशी त्यांना तोंडावर म्हणायची, "घशाला धूर देताय, मास्तर. त्यो घसा काय तुमच्या येकट्याचा न्हाई."

मॅट्रिक होऊन मी दौंडला रेल्वेच्या माल कचेरीत चिकटलो. महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने शिरूरला यायचो. दौंडला मला दोन गोष्टींचा मोठा आधार वाटे. एक म्हणजे रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर. त्यांची पार्सलं मी सोडवून द्यायचो, त्यामुळे चांगली ओळख झाली होती. आणि दुसरी म्हणजे तिकडे शिरूरला बाबांजवळ मावशी आहे ही. गावातल्या वाण्यासाठी पायरीवर बसणारी बाई माझ्या बापाला काही होऊ देणार आहे का, असं मी कचेरीतल्या लोकांना अभिमानाने सांगितलेलं मला आठवतं.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीला घरी आलो तर बाबांच्या उजव्या कानात कापूस. म्हणाले, वारा बसतो. जेवताना भाकरी दुधात कुस्करून घेत होते. म्हणाले, दात हलतोय. मला वाण्याचा ठणकणारा कान आठवला. तसाच उठून मावशीकडे गेलो. ती खळ्यावर बाजरी उफणत होती.

"मावशी, बाबांचा घसा बघितलास का?"

"बघितला," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

"काय आहे? साधंच आहे ना?"

"मास्तर सांगत्यात तसंच हाय."

"एका बाजूला नाही ना?"

तेवढ्यात वारा पडला. तिने सूप खाली ठेवलं आणि दाण्यांतले खडे वेचायला लागली. "त्येंनाच इचार, सामू. त्येंचा घसा हाय." मी हुश्श केलं. मावशीने बघितलं आहे आणि ती पायरीवर येऊन बसलेली नाही, म्हणजे काही नाही. मी दुसऱ्या दिवशीची गाडी धरून दौंडला गेलो.

नाताळात बाबा गायले. आवाज जरा भरल्यासारखा, तोंडात गरम घास धरून बोलावं तसा येत होता; पण ते सगळी गाणी गायले, आणि शेवटच्या गाण्याला बायका डोळे पुसत होत्या. मावशी देवळाबाहेर चिंचेखाली उभी होती. एरवी ती नाताळाच्या करंज्यांवर हक्क सांगायला घरात येई. त्या दिवशी आली नाही. मी करंज्या घेऊन बाहेर गेलो तर ती निघून गेलेली.

जानेवारीत बाबांचं पत्र आलं, दोनच ओळींचं, की रक्त पडतंय, ये. जाऊन बघतो तर जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. मी ती दाबली. बाबा म्हणाले, दुखत नाही. त्याच दिवशी मी त्यांना दौंडला आणलं. दौंडच्या डॉक्टरांनी तोंडात उजेड टाकला आणि खुर्ची मागे सरकवून मला बाहेर बोलावलं. "उजव्या टॉन्सिलवर व्रण आहे. हा आजचा नाही. चार-पाच महिन्यांत कुणीच तोंडात बघितलं नाही का? तेव्हा आणलं असतं तर करण्यासारखं पुष्कळ होतं." पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच विचारलं. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, नुसती मान हलवली.

परत आणून पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं, तिथल्या वॉर्डात बाबांचं बोलणं बंद झालं. मी त्यांना शाळेची पाटी आणून दिली. पाणी हवं, उशी वर कर, वर्गाला कोण बघतंय, असं ते त्यावर लिहायचे. आणि मी त्यांच्या खाटेशी बसून मावशीला शिव्या घालायचो. म्हणायचो, त्या थेरडीला सगळं माहीत होतं. तिने अंगठा घालून बघितलं होतं. वाण्यासाठी दुकानाच्या पायरीवर बसली आणि तुमच्यासाठी तिला तोंड उघडता आलं नाही. मी तिला तोंडावर विचारलं तर तिने खडे वेचले! बाबा ऐकायचे. पाटी मांडीवर, पेन्सिल हातात. कधी ते खिडकीकडे बघायचे, कधी माझ्या हातावर थोपटायचे. ते थोपटणं मी माया समजत होतो.

पाऊस सुरू व्हायच्या आत बाबा गेले. त्यांना शिरूरच्या दफनभूमीत ठेवलं. मावशी फाटकाबाहेर उभी होती, तोंडात पदराचा बोळा. मी सगळ्यांसमक्ष तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा तिला अहोजाहो केलं. "तुम्ही आता घरी जा. तुमच्यामुळे माझा बाप गेला. तुमचा अंगठा पुन्हा कुणाच्या पोराला लावू नका." तिने वाकून फाटकाच्या उंबऱ्याला हात लावला आणि गेली. वैऱ्याच्या घातापासून माणूस सांभाळून असतो. मला आपल्या माणसाने फसवलं होतं. तीन वर्षं मी त्या रागावर जगलो. शिरूरला गेलो तरी नदीकडचा रस्ता धरला नाही.

तीन वर्षांनी, एका सकाळी, माल कचेरीच्या दारात ती उभी. डोक्यावर घोंगडं, डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरट सारा आलेला, हाताला धरून आणलेला एक चाळिशीचा माणूस. मी काही बोलायच्या आत तिनेच सुरुवात केली.

"मला काय बोलायचं ते मागनं बोल. ह्यो किसन, वडगाव रासाईचा. डाव्या अंगाला हाय, कान ठनकतोय, जबड्याखाली आजून काय न्हाई. घरची म्हनत्यात देवऋषी करू. मी चोरून आनलाय. तुज्या डाक्टरकडं ने."

किसनच्या तोंडाकडे बघून मी उठलो. डॉक्टरांनी बघितलं, चिठ्ठी दिली, आणि दुपारच्या गाडीने मी त्याला कचेरीतल्या एका शिपायाबरोबर पुण्याला धाडलं. तो वेळेत पोचला, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कित्येक वर्षं तो ऊस लावत होता आणि गुऱ्हाळ लागलं की गुळाची ढेप पाठवायचा. गाडी सुटली तेव्हा प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच उरलो. शिरूरच्या एसटीला वेळ होता. मी तिला खोलीवर आणलं, समोर भाकरी ठेवली. तिने हात लावला नाही. आणि मग माझ्याने राहवलं नाही.

"ह्याला चोरून आणता आलं. मग माझ्या बापाला का नाही आणलंस?"

"मास्तरांनी भंडारा उचलायला लावला," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. ती सांगत गेली. पोळ्याच्या सुमाराला बाबा तिच्याकडे गेले होते. तिने घसा बघितला, उजव्या अंगाला हाताला लागलं, आणि ती ओरडलीच, की आत्ताच्या आत्ता सामूकडं दौंडला चला. बाबा म्हणाले, कापलं की आवाज जाईल. हा नाताळ गाऊ दे, मग जातो. ती ऐकेना. मी शाळेच्या पायरीवर बसते, म्हणाली. तेव्हा बाबांनी खिशातून पुडी काढली.

"म्हनले, एका पोराच्या बापानं जेजुरीहून आनलाय. तुजा देव माज्यावर रागवायचा न्हाई, पर तुज्यावर रागवंल. ह्येच्यावर हात ठेव आन् म्हन, मास्तर हायेत तवर मी कुनाला सांगनार न्हाई. सामूनं इचारलं तरीबी न्हाई. मी पाय धरलं त्येंचं. न्हाई ऐकलं. हात ठेवला मी, सामू. भंडारा मोडला आसता तर माज्या नातवंडांवर आलं आसतं. चार म्हयने मी तुज्याकडं यायला निगायची, वड्यापाशी जायाची आन् माघारी यायाची."

माझ्या डोळ्यांपुढे ती पाटी आली. मी म्हातारीला शिव्या घालतोय, आणि पेन्सिल हातात असलेला माणूस माझा हात थोपटतोय. ती माया नव्हती. 'तिचा दोष नाही' हे तीन शब्द लिहायला त्यांना किती वेळ लागला असता? नाताळ झाल्यावरही त्यांनी तिला मोकळं केलं नाही, मरताना नाही, आणि मला तर कधीच खरं सांगितलं नाही. दर रविवारी आम्हाला सत्य सांगायला शिकवणारा हा माणूस. भंडारा म्हणजे नुसती हळद, असं वर्गात सांगणारा. त्याला तिच्या देवाची पत नेमकी किती आहे ते माहीत होतं, आणि तिचा त्याने बरोबर उपयोग करून घेतला.

"बाबा गेल्यावर तरी सांगायचंस," मी म्हणालो. "मी तुला दफनभूमीत काय काय बोललो."

"बापाचं मढं समोर, आन् मी बापाची चाडी करू? तुला कुनावर तरी राग धरायचा व्हता. माज्यावर धरलास तर माजं काय जातंय? बापावर धरला आसतास तर त्येंच्या पेटीला बी हात लावला नसतास."

मग कमरेच्या पिशवीतून तिने एक पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. "ह्योच त्यो भंडारा. मास्तर गेल्यावर नदीत सोडायचा व्हता. सोडवंना. उघडून बघायचीबी छाती झाली न्हाई आन् आता नजर ऱ्हायली न्हाई. सून म्हनती, किरिस्तावाच्या घरात भंडारा कुठनं आला? तवाधरनं मला झोप न्हाई. तू शिकलेला हायेस. बघ, जेजुरीचाच हाय न्हवं? नसंल तर मंग मी कशापायी गप ऱ्हायले रं?"

पुडीचा कागद दुरेघी वहीचा होता. बाबांची घडी मी लगेच ओळखली. खिडकीशी नेऊन मी ती उघडली. हळदीत मोहरीचे चार-पाच दाणे होते आणि जिऱ्याची एक काडी. आमच्या मिसळणाच्या डब्यातली हळद नेहमी अशीच असायची. बाबा घाईघाईने फोडणी टाकायचे आणि शेजारच्या वाटीतली मोहरी हळदीत सांडायची. ते जेजुरीला कधी गेले नव्हते, त्यांना कुणी काही आणून दिलं नव्हतं. मावशीकडे निघण्यापूर्वी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन, डबा उघडून, ही पुडी बांधली होती.

ती पांढरट डोळे माझ्या आवाजाच्या दिशेने लावून बसली होती. बाबांचा मला एवढा संताप कधी आला नव्हता. आज म्हातारा झालो तरी तो गेलेला नाही. मी ते दाणे आत तसेच ठेवले, बाबांच्याच घडीवर पुडी पुन्हा बांधली आणि तिच्या हातात दिली.

"जेजुरीचाच आहे, मावशी."

"बघितलास ना नीट?"

"उजेडात बघितला."

तिने पुडी कपाळाला लावली. मग ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली.